लाईन आली का? : एका इंग्रजी शब्दाची मराठवाड्यातली पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात पारावर "लाईन आली का?" असं कुणी विचारलं, तर उत्तर देणारा आधी विचारणाऱ्याकडं बघून घेतो. हातात बॅटरी आणि खांद्यावर घोंगडं असेल तर प्रश्न मोटारीच्या विजेचा. दारात रिकाम्या घागरी मांडल्या असतील तर नळाच्या पाण्याचा. आणि बाहेरगावचा पाहुणा असेल तर रेल्वेचा. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला आणि बीड शहरात प्रवासी गाडी लागली ती 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी. मधली तीस वर्षं बीडमध्ये 'लाईन' या शब्दाचा मुख्य अर्थ 'आश्वासन' असा होता, असं म्हटलं तरी चालेल.

इंग्रजीतले साधे, रोजचे शब्दच सगळ्यात जास्त अर्थ पोटात घेऊन बसलेले असतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' या शब्दाची नोंद सर्वांत लांबलचक होती. पुढं 'रन'नं त्याला मागं टाकलं. नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ संपादकांनी नोंदवले. 'लाईन' त्या शर्यतीत पहिली नाही. पण मराठवाड्याच्या बोलीत जितकी ती मुरली, तितके सेट आणि रन मुरले नाहीत. याचं कारण मला असं दिसतं की हा शब्द इथं पुस्तकातून आलाच नाही. तो प्रत्येक वेळी एखाद्या वस्तूबरोबर आला. छावणी आली, रूळ आले, तारा आल्या, नळ्या आल्या, आणि दरवेळी तोच शब्द नवा अर्थ घेऊन उतरला.

त्याचं मूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. तेच जवस, ज्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ल्याशिवाय लातूर-नांदेडकडच्या माणसाचं जेवण होत नाही. आपल्याकडं जवस पेरतात ते बियांसाठी, तेलासाठी. युरोपात त्याच्या खोडाचा वाख काढून सूत कातलं जायचं. त्या सुताची दोरी ती 'लिनिया', आणि तिचीच पुढं इंग्रजीत 'लाईन' झाली. लिनन कापड, कपड्याच्या आतलं लायनिंग, जमिनीवर अंथरायचं लिनोलियम, ही सगळी जवसाचीच भावंडं. म्हणजे मुळात लाईन ही रेघ नव्हतीच. ती हातात धरायची दोरी होती. सुतार ती ताणून लाकडावर खूण करायचे, कोळी गळाला बांधायचे, गवंडी भिंतीला लावायचे. ताणलेल्या दोरीची खूण ती रेघ, रेघेवर उभी राहिलेली माणसं ती रांग, कागदावरच्या रेघेवर लिहिलेले शब्द ती कवितेची ओळ. आपले गवंडी आजही वीट लावताना जी दोरी ताणतात तिला 'लाईनदोरी' म्हणतात. दोरीला दोरी म्हणण्याचा हा प्रकार व्याकरणाच्या मास्तरांना खटकेल, पण अर्थ अगदी मुळाला धरून आहे.

मराठवाड्यात या शब्दाची पहिली मोठी ये-जा झाली असावी ती फौजेमार्फत. मुलूख निजामाचा, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट ही फौज औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथल्या छावण्यांत असायची. 1903 मध्ये ती भारतीय सैन्यात विलीन झाली. इंग्रजी लष्करात शिपायांच्या ओळीनं बांधलेल्या घरांना 'लाइन्स' म्हणतात, आणि घोडे बांधायच्या जागेला 'हॉर्स लाइन्स'. दोन्ही टोकांना खुंट्या, मधे ताणलेला लांब दोर, त्याला ओळीनं घोडे. आपल्याकडं बैलांसाठी हीच रचना असते आणि तिला आपण दावण म्हणतो. पोलीस लाइन, सिव्हिल लाइन ही नावं याच लष्करी वळणाची. पोलिसाच्या बायकोला "कुठं राहता?" विचारलं तर ती गल्लीचं नाव सांगत नाही, "लाइनीत" एवढंच सांगते.

निजामाच्या राज्यात कारभार उर्दूतला. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठानं तर उच्च शिक्षणही उर्दूतून देऊन दाखवलं, आणि शास्त्रांच्या परिभाषेसाठी भाषांतराचं वेगळं खातं उघडलं. तिथं रेघेला 'खत' हा शब्द होताच. रांगेला 'कतार' होती. तरी त्याच मुलखात लाईन रुजली, कारण रेल्वेचा गँगमन आणि फौजेचा शिपाई विद्यापीठाला विचारून बोलत नव्हते.

मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या अगदी तोंडावर सुरू झाला. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड एका सुतात ओवली गेली ती तेव्हा. मार्ग एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून पुढच्या स्टेशनच्या मास्तरकडून 'लाईन क्लिअर' मागावी लागते. ती मिळाल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी हलवायची मुभा नसते. हा निव्वळ कामकाजाचा शब्द. आज जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत प्रतिस्पर्ध्यानं अर्ज मागं घेतला की कार्यकर्ते म्हणतात, "भाऊंची लाईन क्लिअर झाली." पोरीकडच्यांनी होकार कळवला की तिथंही लाईन क्लिअर. बिघडलेला पोरगा 'लायनीवर' येतो, तो रुळावर येण्याचाच दुसरा पाठ. पोरगी बघून 'लाईन मारणं' हे कुठून आलं याची चर्चा मात्र इथं नको; त्याला पार्श्वभूमी लागत नाही.

दुसरी लाईन अधिक गमतीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे कुर्डूवाडीपासून, बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू केली. बार्शी लाइट रेल्वे. 1911 मध्ये ती लातूरला पोचली, 1927 मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. लातूरच्या बाजारपेठेची भरभराट या लाईनीशी बांधलेली होती. पुढं टप्प्याटप्प्यानं तिचं रुंदीकरण झालं. लातूर-कुर्डूवाडी हा भाग रुंद होऊन दहा वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात 2016 चा उन्हाळा आला. मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, कारण लाईनीत उभी राहिलेली माणसं हातघाईवर येतील अशी धास्ती होती. एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी लातुरात शिरली. 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर पाणी. पुढं 50 वाघिणींच्या गाड्या धावल्या, एका खेपेला 25 लाख लिटर. मिरजेत पाणी भरायला पाइपलाइन टाकली होती, लातुरात ते स्टेशनजवळच्या विहिरीत उतरवून पुढं नेलं जात होतं. कॅलथ्रॉपच्या कंपनीनं मिरज ते लातूर असा जो मार्ग आखला, जवळजवळ त्याच मार्गानं कृष्णेचं पाणी मांजरेच्या खोऱ्यात आलं. त्या दोन-तीन महिन्यांत लातूरकरांच्या तोंडी रेल्वेची लाईन, पाण्याची लाईन आणि हंड्यांची लाईन एकाच वाक्यात येत होती, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नव्हता.

रांगेला लाईन म्हणणं यात एक गंमत आहे. खुद्द इंग्रज रांगेला 'क्यू' म्हणतो. लाईन म्हणणारा अमेरिकन. आपण इंग्रजांच्या अमलाला लागून राहिलो आणि शब्द मात्र अमेरिकेसारखा वापरतो. कवायतीतल्या 'लाईनीत उभे राहा'नं हे वळण दिलं असेल. 1972 च्या दुष्काळात रेशनच्या दुकानापुढं लाल मिलो ज्वारीसाठी ज्या लायनी लागल्या, त्या बघितलेली माणसं अजून गावोगाव आहेत. मिलो अमेरिकेतूनच आला होता, हा निव्वळ योगायोग.

विजेच्या लाईनीनं अर्थ आणखी पुढं ढकलला. 'लाईट गेली' हे महाराष्ट्रभर चालतं. मराठवाड्यात 'लाईन गेली' तितकंच चालतं. देगलूर-बिलोलीकडं तेलुगूच्या शेजारानं 'करंट गेला'ही ऐकू येतं. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीनं मिळू लागली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, तेव्हापासून लाईन म्हणजे वेळ झाली. "या आठवड्यात आपली लाईन रात्रीची हाय," असं शेतकरी म्हणतो, तेव्हा तो तारेबद्दल बोलत नाही. अंधारात विंचूकाट्यातून पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जावं लागणार हे तो घरात सांगत असतो. तार, खांब, त्यातून येणारा करंट आणि तो येण्याची घटका, चारही गोष्टी एका शब्दात. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली की चारही एकदम जातात. हा अर्थ ऑक्सफर्डच्या कोशात असेल असं वाटत नाही.

छत्रपती संभाजीनगरात लाईन म्हणजे पाण्याची. सतराव्या शतकात मलिक अंबरनं डोंगराच्या पोटातलं पाणी मातीच्या नळांतून शहरात आणलं. त्याला नहर म्हणत, नहर-ए-अंबरी. जायकवाडीहून लोखंडी नळांतून पाणी आलं तेव्हा शब्द बदलला. नळाच्या व्यासावरून 'सातशेची लाईन' आणि 'चौदाशेची लाईन' अशी नावं पडली, आणि "सातशेची फुटली" एवढं म्हटलं की कुणाच्या घरी चार दिवस पाणी येणार नाही ते शहराला कळतं. मिलिमीटर म्हणायची गरज पडत नाही.

शेतात मात्र या शब्दाची धाव अर्धीच राहिली. विहिरीपासून रानापर्यंत पुरलेली ती लाईन, ठिबकची ती लाईन. पण पेरणीत तासच, उसात सरीच, खुरपायला बसलेल्या बाया धरतात ती पातच. जिथं नेमका शब्द आधीच कामाला होता तिथं लाईनीला कुणी हात लावू दिला नाही. लिंगही तिला आजूबाजूच्या सोबतिणींकडून मिळालं असावं. दोरी, तार, रेघ, ओळ, रांग, दावण सगळ्या 'ती'. म्हणून लाईनही ती, अनेकवचनी लायनी.

"पोरगं कोणत्या लाईनमध्ये हाय?" हा सोयरिकीतला प्रश्न. धंदा या अर्थाची ही लाईन इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे, आणि अभ्यासकांच्या मते ती बहुधा बायबलातल्या एका ओळीच्या गैरसमजातून आली. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात पौलाच्या पत्रात 'दुसऱ्याच्या लाईनीत' बढाई मारू नये असं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द 'कानोन', म्हणजे मापायची काठी. हाच कानोन अरबीत जाऊन 'कानून' झाला आणि निजामाच्या कचेऱ्यांतून आपल्याकडं आला. कायदा-कानून म्हणणारा वकील आणि कापडाच्या लाईनमधला दुकानदार, दोघांचा धागा त्या एका काठीला जाऊन मिळतो.

'डेडलाइन' त्यामानानं नवी आणि रक्ताळलेली. अमेरिकन यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कैद्यांनी ओलांडायची नाही अशी एक हद्द होती. ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. वर्तमानपत्रांनी पुढं तो शब्द वेळेसाठी उचलला. आता पीकविम्याची डेडलाइन, ई-केवायसीची डेडलाइन. आणि 'ऑनलाइन' तर आमच्याकडं नुसतं विशेषण उरलेलं नाही, ते काम झालंय. "सेतूवर जाऊन ऑनलाइन करून आलो," असं माणूस सांगतो. काय ऑनलाइन केलं ते विम्याचं, सातबाऱ्याचं की पोराच्या शिष्यवृत्तीचं, हे विचारावं लागतं. सर्व्हर बंद असला की सेतूवाला सांगतो, "लाईन नाही, उद्या या." तिथं त्याला वीज म्हणायची असते की इंटरनेट, हे पुष्कळदा त्यालाही नक्की सांगता येत नाही.