सामायिक टोपणनाव (रहस्यकथा प्रकाशन)

एका कल्पित लेखकाचे नाव अनेक लेखकांच्या लेखनावर छापण्याची पद्धत. असे नाव लेखकाचे नसून मालिका चालविणाऱ्या संस्थेच्या मालकीचे असल्याने लिहिणारा बदलला तरी वाचकाला त्याचा पत्ता लागत नाही. अमेरिकेत १८८६ मध्ये अवतरलेल्या निक कार्टर या गुप्तहेराच्या स्वस्त कथा अनेक हातांनी लिहिल्या. त्यांतल्या काही लिहिणाऱ्या एडवर्ड स्ट्रॅटेमायर (१८६२–१९३०) यांनी पुढे स्ट्रॅटेमायर सिंडिकेट ही संस्था काढून या पद्धतीला कारखान्याची शिस्त लावली.

कथानकाचा आराखडा ते स्वतः करीत, ठरलेल्या रकमेत एखाद्या छायालेखकाकडून (दुसऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्याकडून) पुस्तक लिहवून घेत, हस्तलिखितावर हात फिरवीत आणि मग ते प्रकाशकाकडे सोपवीत. छायालेखकाला स्वामित्वधन मिळत नसे. करारावर सही करताना तो मजकुरावरील सर्व हक्क सोडून देई. १९२७ मध्ये सुरू झालेल्या ‘हार्डी बॉइज’ या दोन गुप्तहेर भावांच्या मालिकेचे लेखक म्हणून छापले गेलेले फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन हे गृहस्थ कधी जन्मलेच नव्हते. आरंभीची पुस्तके लेस्ली मॅकफार्लेन या कॅनडातील पत्रकाराची असून त्यांना सुरुवातीला एका पुस्तकाचे १२५ डॉलर मिळत.

‘कॅरोलिन कीन’ या नावाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. १९३० मध्ये या नावाने आलेल्या ‘नॅन्सी ड्रू’ या किशोरवयीन मुलगी-गुप्तहेराच्या मालिकेतील पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिली. मंदीत मोबदला घटविला गेल्यावर त्यांनी नकार दिला, तेव्हा मधली तीन पुस्तके वॉल्टर कॅरिग यांनी लिहिली. स्ट्रॅटेमायर यांच्या निधनानंतर संस्था मुलींकडे आली. त्यांपैकी हॅरिएट ॲडम्स यांनी आराखडे रचले, १९५९ पासून जुनी पुस्तके सुधारून पंचविसांची वीस प्रकरणे केली आणि कॅरोलिन कीन आपणच असल्याचे त्या जाहीरपणे सांगत राहिल्या. हे अगदीच खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते.

गौप्यस्फोट झाला तो प्रकाशनहक्कांच्या भांडणातून. संस्थेने नवी पुस्तके दुसऱ्या प्रकाशकाला दिल्यामुळे जुन्या प्रकाशकाने, म्हणजे ग्रॉसेट अँड डनलॅपने, दावा लावला आणि १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात खऱ्या लेखिका म्हणून बेन्सन यांची साक्ष झाली. १९८४ मध्ये सायमन अँड शूस्टरने संस्था विकत घेतली; कॅरोलिन कीनच्या नावाने नवी पुस्तके त्यानंतरही निघत राहिली. बेन्सन मात्र टोलेडो येथील दैनिकात २००२ मधील निधनापर्यंत स्वतःच्या नावाने लिहीत होत्या.