एक खोटं आणि सात खरी

पॉम्पेई हे रोमन शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. त्याच्या भिंतींवर रंगवलेल्या निवडणुकीच्या हजारो घोषणा उत्खननात सापडल्या. बहुतेक घोषणा अगदी सरळ आहेत: अमक्याला निवडून द्या, माणूस लायक आहे, सज्जन आहे. व्हातिया नावाच्या उमेदवाराच्या वाट्याला मात्र काही चमत्कारिक घोषणा आल्या आहेत. एका भिंतीवर त्याला भुरट्या चोरांचा पाठिंबा आहे, दुसरीवर रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा, तिसरीवर झोपाळूंचा. ह्या घोषणा त्याच्या विरोधकांनी रंगवून घेतल्या असाव्यात असं अनेक अभ्यासकांना वाटतं. तसं असेल, तर व्हातियाच्या कामाबद्दल एक अक्षर न लिहिता त्याच्या चारित्र्याला डाग लावायची युक्ती एकोणीसशे वर्षांपूर्वीही लोकांना नीट माहीत होती.

प्रचारातल्या चिखलफेकीबद्दल एक समज फार पक्का आहे. लोकांना हेच आवडतं आणि जो जास्त चिखल उडवतो तोच जिंकतो, असं नेतेही म्हणतात, पत्रकारही म्हणतात आणि नाक्यावरचे जाणकारही. राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या विषयावरचे १११ अभ्यास गोळा करून त्यांचा एकत्रित हिशेब २००७ मध्ये मांडला. नकारात्मक प्रचार लक्षात जास्त राहतो आणि त्यातून निवडणुकीबद्दलची माहितीही थोडी वाढते, हे त्यात दिसलं. मतं मिळवायला तो सकारात्मक प्रचारापेक्षा सरस ठरतो, ह्याला मात्र आधार सापडला नाही. आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त गंभीर वाटते: सरकारवरचा विश्वास आणि ‘माझ्या मताने काही फरक पडतो’ ही भावना, दोन्ही किंचित खाली येतात.

मग मतं मिळत नसताना मनावर आरोपाची पकड इतकी घट्ट का बसते? ‘माणसाला वाईट बातम्याच आवडतात’ हे उत्तर अर्धवट आहे. खरं उत्तर एका सुंदर गणितात आहे आणि ते मला सावकाश सांगायचं आहे.

जॉन स्कोरोन्स्की आणि डोनल्ड कार्लस्टन ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये एक विसंगती दाखवून दिली. एखाद्याच्या नीतिमत्तेबद्दल मत बनवताना आपण वाईट कृतीला जास्त वजन देतो. कुवतीबद्दल मत बनवताना बरोबर उलटं होतं, तिथे चांगली कृती जड ठरते. एकदा चोरी करणारा चोर ठरतो, पण एखादं गणित चुकलं म्हणून गणितज्ञाला कोणी अडाणी म्हणत नाही. म्हणजे मन सरसकट वाईटाकडेच झुकतं असं नाही. कोणत्या गुणाबद्दल बोलणं चाललंय त्यावर ते अवलंबून आहे.

हे असं का, ते आकड्यांत पाहू. आकडे मी कल्पून घेतले आहेत, तर्क खरा आहे. समजा माणसं दोनच प्रकारची आहेत. प्रामाणिक माणसाच्या १०० विधानांपैकी ९७ खरी असतात आणि ३ खोटी. अप्रामाणिक माणसाची ७० खरी, ३० खोटी. लबाड माणूससुद्धा बहुतेक वेळा खरंच बोलतो, कारण वेळ विचारली तर खोटं सांगून त्याला काय मिळणार? सगळी मेख इथेच आहे.

आता एक अनोळखी उमेदवार समोर आला. तो प्रामाणिक असण्याची शक्यता आपण निम्मी धरू, म्हणजे ५० टक्के. त्याने एक खरं विधान केलं. असं विधान प्रामाणिक माणसाकडून ९७ वेळा येतं आणि लबाडाकडून ७० वेळा. म्हणून ९७ ला १६७ ने भागायचं. तो प्रामाणिक असण्याची शक्यता झाली ५८ टक्के. वाढली, पण थोडीच. आता ह्याच माणसाने खरं विधान न करता एक खोटं विधान केलं असतं तर? प्रामाणिकाकडून ३ वेळा, लबाडाकडून ३० वेळा. ३ भागिले ३३, म्हणजे ९ टक्के. एका खोट्याने पन्नासवरून नवावर! आणि हे नुकसान भरून काढायला किती खरी विधानं लागतील? खोट्याने प्रामाणिकपणाचं पारडं ३ विरुद्ध ३०, म्हणजे दहा पटींनी खाली गेलं. प्रत्येक खऱ्या विधानाने ते ९७ विरुद्ध ७०, म्हणजे साधारण १.३९ पटीने वर येतं. एकाला १.३९ ने सात वेळा गुणत जा, तेव्हा कुठे ती दहा पटींची घसरण जवळजवळ भरून निघते. एक खोटं आणि सात खरी, असा हा भाव आहे.

कुवतीच्या बाबतीत हेच कोष्टक उलटं धरा. अवघड प्रश्न कुशल माणूस शंभरात ३० वेळा सोडवतो, अकुशल माणूस योगायोगाने ३ वेळा. एकदा सोडवला की कुशल असण्याची शक्यता थेट ९१ टक्के. नाही जमला तर ७० विरुद्ध ९७, म्हणजे ४२ टक्के, जरासंच खाली. अठराव्या शतकातल्या थॉमस बेज ह्या धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो कधी शिकलेला नसतो, तरी आपण माणसं जोखतो ती ढोबळमानाने ह्याच रीतीने.

प्रचार करणाऱ्यांनाही हे अनुभवाने कळलेलं असतं. म्हणून विरोधकाला ‘अकार्यक्षम’ म्हणण्यापेक्षा ‘खोटारडा’ म्हणणं त्यांना स्वस्त पडतं. अकार्यक्षमता पटवायला दहा उदाहरणं लागतील, खोटारडेपणाला एक पुरतं.

पण ह्या सगळ्या हिशेबात एक अट गृहीत होती: खोटं बोलल्याची घटना खरोखर घडलेली आहे. प्रचारात आपल्या हाती येतो तो आरोप. आरोपासाठी कोष्टक वेगळं मांडावं लागतं. अटीतटीच्या लढतीत आरोप कोणावर होत नाहीत? समजा, शंभर प्रामाणिक उमेदवारांपैकी ९० जणांवर आरोप होतात आणि शंभर लबाडांपैकी ९५ जणांवर. मग केवळ आरोप झाला ह्या माहितीने प्रामाणिकपणाची शक्यता ५० वरून किती खाली यायला हवी? ९० भागिले १८५, म्हणजे ४८.६ टक्के. जेमतेम दीड टक्का! घटना कळली असती तर ४१ टक्क्यांची घसरण, आरोप कळला तर दीड टक्क्याची. मन मात्र आरोपालाच घटना समजून मोठी घसरण नोंदवतं. हिशेबाची रीत बरोबर असते, त्यात घातलेली नोंद चुकीची असते. मला ह्या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आणि एकदा झालेली नोंद खोडणं भलतंच अवघड असतं. राज्यशास्त्रज्ञ एमिली थॉर्सन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी लोकांना एका काल्पनिक उमेदवाराबद्दल वाईट माहिती दिली आणि लगेच ती खोटी असल्याचंही सांगितलं. लोकांनी खुलासा मान्य केला. तरीही त्या उमेदवाराबद्दलचं त्यांचं मत, ज्यांनी तो आरोप ऐकलाच नव्हता त्यांच्यापेक्षा वाईट राहिलं. थॉर्सन याला ‘विश्वासाचा प्रतिध्वनी’ म्हणतात. डोक्यातून माहिती गेली, तिने मागे ठेवलेली चव गेली नाही.

काळही आरोपाच्याच बाजूने काम करतो. येल विद्यापीठात कार्ल हॉवलंड आणि वॉल्टर वाइस यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबतीत प्रसिद्ध आहे. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी आज बांधता येईल का, अशा विषयांवरचे लेख त्यांनी वाचायला दिले. काहींना सांगितलं, हे अणुशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांचं म्हणणं आहे. काहींना सांगितलं, हे सोव्हिएत वृत्तपत्र ‘प्रावदा’चं आहे. लेख तोच. वाचल्यावर लगेच विचारलं तेव्हा विश्वासू माणसाच्या नावाने दिलेल्या लेखाचा प्रभाव जास्त होता. चार आठवड्यांनी विचारलं तेव्हा हा फरक उरलाच नव्हता. कोण म्हणालं ते मागे पडलं, काय म्हटलं ते राहिलं. पुढच्या संशोधनात एक बारकावा स्पष्ट झाला: हा उशिराचा परिणाम ठळकपणे दिसतो तो मजकूर आधी आणि ‘हा स्रोत भरवशाचा नाही’ ही सूचना नंतर आली तर. सूचना आधी मिळाली, तर माणूस मजकूर वाचतानाच सावध असतो. प्रचारात खुलासा नेहमी आरोपाच्या मागूनच येतो, हे लक्षात घ्या.

इथे कोणी म्हणेल, आम्ही माणूस बघून ओळखतो. डोळे चोरतो का, चेहरा काय सांगतो, कपाळ कसं आहे. चेहऱ्यावरून स्वभाव सांगणाऱ्या मुखसामुद्रिकाला कसलाही शास्त्रीय पाया नाही, आणि ‘देहबोलीतज्ज्ञ’ असं नवं नाव लावून टीव्हीवर बसणाऱ्यांचे दावेही फारसे वेगळे नसतात. चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो यांनी २००६ मध्ये २४ हजारांहून अधिक लोकांच्या निर्णयांचा एकत्र अभ्यास केला. खोटं आणि खरं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आली. नाणं उडवलं तर ५० टक्के मिळतातच. पैसे घेऊन ‘मतदाराच्या मनाची कळ’ विकणाऱ्या सल्लागारांनाही हीच कसोटी लावावी. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचा २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला. अमेरिकेतल्या सार्वत्रिक निवडणुकांत उमेदवाराच्या पसंतीवर घरोघरच्या भेटी, पत्रकं, जाहिराती यांचा सरासरी परिणाम त्यांना जवळपास शून्य आढळला.

आरोप करणाऱ्याचं काय होतं, हे आता पाहू. स्कोरोन्स्की आणि कार्लस्टन यांनीच सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये दाखवलं की, एखादा माणूस दुसऱ्याचे दुर्गुण सांगत असेल, तर ऐकणारे नकळत तेच दुर्गुण सांगणाऱ्यालाही चिकटवतात. यात तर्क काहीच नाही. ऐकताना समोर चेहरा सांगणाऱ्याचा असतो, कानावर ‘क्रूर’ हा शब्द पडतो, आणि स्मृती दोन्हींची गाठ मारते. सतत ‘चोर, चोर’ ओरडणाऱ्याच्या नावाभोवतीही चोरीचा वास रेंगाळू लागतो तो असा. तिरंगी लढतीत तर लाभ तिसऱ्याच्याच पदरात पडू शकतो. विन्चेन्झो गॅलासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या महापौरपदाच्या निवडणुकीत प्रत्यक्ष प्रयोग केला. हल्ला करणारा आणि हल्ला झालेला, दोघांपेक्षा गप्प राहिलेल्या तिसऱ्या उमेदवाराचा फायदा झाला.

पण म्हणून सगळी टीका बंद व्हावी, सगळ्यांनी गोडगोड बोलावं, असं मी अजिबात म्हणणार नाही. जॉन गीअर यांनी अमेरिकेतल्या १९६० ते २००४ पर्यंतच्या अध्यक्षीय निवडणुकांच्या जाहिराती तपासल्या. टीका करणाऱ्या जाहिराती स्वतःची स्तुती करणाऱ्या जाहिरातींपेक्षा मुद्द्यांवर अधिक बोलतात आणि त्यांत पुरावेही जास्त असतात, असं त्यांना दिसलं. कारण सरळ आहे. ‘मी जनतेचा सेवक आहे’ ह्याला पुरावा कोणी मागत नाही. ‘ह्यांनी अमुक विधेयकाच्या विरोधात मत दिलं’ असं म्हटलं की कुठे, कधी, ते सांगावंच लागतं. आणि मघाच्या कोष्टकात पुराव्याचं काम काय, ते आता स्पष्ट दिसेल. कागद दाखवून केलेला आरोप प्रामाणिक माणसावर ९० वेळा करता येत नाही. तो आकडा पाचावर, दोनावर येतो. तेव्हा कुठे आरोप हा घटनेच्या जवळ जातो आणि त्याला मनात तेवढं वजन देणं बरोबर ठरतं.

बोलणाऱ्याच्या बाजूनेही हे आकडे हलवता येतात. ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफलर यांनी २०१२ च्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या नऊ राज्यांमधल्या ११६९ राज्यस्तरीय लोकप्रतिनिधींवर एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून त्यांतल्या एका गटाला पत्रं पाठवली. पत्रात एवढंच होतं की, तुमच्या राज्यात विधानांची सत्यता तपासणारी संस्था काम करते आहे, आणि खोटं उघड झालं तर तुमच्या नावाला व निवडून येण्याला धोका आहे. निवडणुकीनंतर मोजलं, तेव्हा खोट्या विधानाबद्दल प्रतिकूल शेरा मिळणाऱ्यांचं किंवा अचूकतेवर जाहीर शंका घेतली जाणाऱ्यांचं प्रमाण ह्या गटात कमी भरलं. मतदारांना एक शब्दही कळवलेला नव्हता. पत्रं गेली होती ती फक्त बोलणाऱ्यांना.