संशोधन प्रकल्पातल्या गैरप्रकाराची तक्रार: अर्ज कुठे द्यायचा, सोबत काय जोडायचं

सोलापुरातल्या एखाद्या महाविद्यालयात सरकारी निधीचा प्रकल्प चालू असतो, त्यात गडबड दिसते आणि तक्रार थेट दिल्लीला जाते. तिथून ती बहुतेकदा चौकशीसाठी त्याच महाविद्यालयाकडे किंवा केगावला सोलापूर विद्यापीठाकडे परत येते. कारण साधं आहे: पैसा संस्थेमार्फत येतो आणि संशोधक संस्थेच्या नोकरीत असतो. म्हणून मूळ अर्ज संस्थेला द्या, प्रत निधी देणाऱ्या यंत्रणेला पाठवा, दोन्हीकडची पोच जपा. प्रतीवर मंजुरी आदेशाचा क्रमांक आणि तारीख हवीच.

वाङ्मयचौर्य, बनावट आकडे आणि पैशांचा गैरवापर यांच्या वाटा वेगळ्या आहेत. एकाच अर्जात तिन्ही कोंबले की चौकशी रेंगाळते.

वाङ्मयचौर्याला विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2018 चे विनियम लागू होतात. शैक्षणिक वर्तुळातली कोणीही व्यक्ती पुराव्यासह तक्रार करू शकते. आधी विभागाची समिती 45 दिवसांत शिफारस देते, मग संस्थेची समिती 45 दिवसांत संस्थाप्रमुखांना अहवाल देते. तक्रार विभागप्रमुखांवरच असेल तर ती संस्थेच्या समितीकडे द्यावी. दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. प्रबंधात 10 ते 40 टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, 40 ते 60 असेल तर वर्षभर ती देता येत नाही, 60 च्या वर नोंदणीच रद्द. शोधनिबंधात 40 ते 60 टक्के साम्य निघालं तर निबंध मागे घ्यावा लागतो, एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं मार्गदर्शनासाठी नवीन विद्यार्थी घेता येत नाही.

मात्र टक्क्यांवर विसंबू नका. संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजणीतून वगळायची असतात. ती न वगळता काढलेला अहवाल समितीपुढे टिकत नाही. मराठी प्रबंधात उलटा घोळ होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर संगणकाला देवनागरी म्हणून दिसतच नाही, त्यामुळे अख्खं प्रकरण उचललेलं असलं तरी साम्य शून्याच्या आसपास येतं. अशा वेळी हातानं तक्ता करावा: डावीकडे मूळ परिच्छेद, उजवीकडे उचललेला, दोन्हींचे पृष्ठक्रमांक, आणि मूळ मजकूर आधीचा असल्याचा पुरावा. असे दहा परिच्छेद शंभर पानांच्या जोडपत्रांपेक्षा जास्त काम करतात.

बनावट आकड्यांना हे विनियम लागत नाहीत. तिथे संस्थेचे शिस्तीचे नियम आणि निधीच्या अटी चालतात. समजा, डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा प्रकल्प आहे आणि सांगोल्यातल्या बागांमधलं रोगाचं प्रमाण सलग दोन वर्षं दशांशासकट तेच आहे. एवढ्यावरून संशय येतो, आरोप सिद्ध होत नाही. मूळ नोंदवही, बागेला भेट दिल्याच्या तारखा आणि प्रवासभत्त्याची बिलं एकमेकांशी ताडून पाहण्याची मागणी अर्जातच करा. ज्या दिवशी निरीक्षण नोंदलंय त्या दिवशी ना बिल ना गाडीची नोंद, तर खुलासा संशोधकाला द्यावा लागतो. आणि ‘नोंदवही तातडीनं ताब्यात घ्या’ ही ओळ अर्जात घालायला विसरू नका. नोटीस गेल्यावर वह्या ‘हरवतात’.

पैशांच्या तक्रारीत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला, मुख्य. केंद्राच्या निधीसाठी ते सामान्य वित्तीय नियमांमधल्या जीएफआर 12-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत द्यायचं असतं. निधीवर मिळालेलं व्याजही सरकारचं, ते परत भरावं लागतं. अनेक प्रकल्प नेमके या व्याजावर अडकतात. संस्थेनं बंधपत्र दिलं असेल आणि अटी मोडल्या असतील, तर रक्कम 10 टक्के वार्षिक व्याजासह वसूल होऊ शकते.

ही कागदपत्रं हाती नसतील तर आधी माहिती अधिकारात मागवा. अनुदानित महाविद्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा आणि मंजुरी आदेश, उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाचं विवरणपत्र यांच्या प्रती वर्षनिहाय मागा. मुदत 30 दिवसांची. ‘प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहाल, तर उत्तर बहुधा ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असंच येईल.