कृमिसंसर्ग आणि स्वप्रतिरक्षा रोग

परजीवी कृमींचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला आवर घालतो आणि त्यामुळे स्वप्रतिरक्षा रोगांचे प्रमाण व तीव्रता बदलू शकते, असे दिसून आले आहे. स्वप्रतिरक्षा रोगांत प्रतिकारयंत्रणा शरीराच्याच ऊतींवर उलटते. आमवाती संधिशोथ, टाइप १ मधुमेह आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणाचा रोग) हे त्यांपैकी प्रमुख होत. आतड्याचा क्रोन रोगही त्यांच्या जवळचा मानला जातो.

बहुतेक जंत माणसाच्या शरीरात संख्येने वाढत नाहीत, परंतु एकेक जंत वर्षानुवर्षे जगतो, आणि तेवढा काळ टिकायचे तर यजमानाची प्रतिकारयंत्रणा शांत ठेवणे त्याला भाग असते. सुरुवातीला शरीर इंटरल्युकिन ४, ५ व १३ ही पेशींना संदेश देणारी प्रथिने, इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी आणि आयजीई प्रतिपिंडे यांच्या साह्याने त्याचा प्रतिकार करते. संसर्ग जुना झाला की प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींचे प्रमाण वाढते आणि इंटरल्युकिन १० व टीजीएफ-बीटा ही दाह शमवणारी द्रव्ये अधिक स्रवतात. टीएच-१ आणि टीएच-१७ या ज्या दाह वाढवणाऱ्या टी पेशी सांध्यांचे किंवा चेतातंतूंच्या आवरणाचे नुकसान करतात, त्यांनाही याच द्रव्यांमुळे लगाम बसतो. नियामक टी पेशींचे महत्त्व जपानी प्रतिकारशास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. २०२५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी आहेत.

माणसांतील सर्वांत बोलका पुरावा अर्जेंटिनातून आला. कोरेआले आणि फारेझ या संशोधकांनी २००७ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या २४ रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी आतड्यात कृमी असलेल्या १२ जणांमध्ये रोग उफाळून येण्याचे प्रसंग उरलेल्या १२ जणांपेक्षा फारच कमी होते. पुढे पोटाच्या तक्रारींमुळे कृमी असलेल्यांपैकी चौघांना जंतांचे औषध द्यावे लागले, तेव्हा त्यांचा मूळ रोग पुन्हा बळावला. रुग्णसंख्या लहान असली तरी कृमी गेल्यावर रोग परतणे हा क्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही. भारतातही चेन्नई येथे टाइप १ मधुमेहाच्या आणि ओडिशात आमवाती संधिशोथाच्या रुग्णांमध्ये हत्तीरोगाच्या कृमींचा संसर्ग आढळला नाही, असे अभ्यास २०१० व २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

गोव्यात या विषयाला व्यवहाराची बाजू आहे. भरपूर पाऊस, कुळागरातील (माड-पोफळीच्या बागेतील) बारमाही ओल आणि झाडांची दाट सावली ही अंकुशकृमीच्या (हुकवर्मच्या) अळ्यांना मानवणारी स्थिती होय. जिथे माती मैल्याने दूषित होते, तिथे अनवाणी काम करणाऱ्याच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून अळी आत शिरते, तिथे खाज सुटते आणि काही आठवड्यांत तीच अळी रक्तावाटे व फुप्फुसांवाटे आतड्यात जाऊन रक्त शोषू लागते. अँकिलोस्टोमा ड्युओडिनेल या अंकुशकृमीच्या जातीतील एका कृमीमुळे दिवसाला सुमारे ०.२ मि.लि. रक्त जाते, असे शंभर कृमी असले तर मुलाला किंवा गरोदर स्त्रीला रक्तक्षय होण्यास ते पुरेसे आहे. घरोघरी बाळाला वावडिंगाचे पाणी देण्याची चाल होती आणि २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, ती याच कारणासाठी. सांधेदुखीच्या रुग्णाने वरील संशोधन वाचून ही औषधे टाळणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. कृमींमुळे लशींचा परिणामही मंदावू शकतो.

मुद्दाम कृमी देऊन उपचार करण्याच्या प्रयोगांनी आधी मोठी आशा निर्माण केली. अमेरिकेत क्रोन रोगाच्या २९ रुग्णांना दर तीन आठवड्यांनी डुकराच्या चाबूककृमीची २,५०० अंडी पाजण्यात आली आणि बहुतेकांना आराम पडल्याचे २००५ मध्ये नोंदवले गेले. मात्र त्या चाचणीत तुलनेसाठी औषधविरहित गट नव्हता, आणि नंतरच्या मोठ्या, नियंत्रित चाचण्यांत लाभ सिद्ध झाला नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅममध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ७१ रुग्णांवर अंकुशकृमीची चाचणी झाली. २०२० मधील तिच्या निष्कर्षांनुसार नियामक पेशी वाढल्या, परंतु मेंदूतील नव्या व्रणांच्या एकूण संख्येत अपेक्षित फरक पडला नाही.

त्यामुळे संशोधकांचे लक्ष आता जिवंत कृमींऐवजी त्यांच्या स्रावांकडे वळले आहे, आणि ते योग्यच आहे. उंदरांतील हेलिग्मोसोमॉइडिस पॉलिगायरस हा कृमी एक असे प्रथिन स्रवतो, की त्याची रचना टीजीएफ-बीटाहून निराळी असूनही ते पेशींवरील त्याच्याच ग्राहींना (संदेश पकडणाऱ्या रेणूंना) जोडले जाते आणि नियामक टी पेशी घडवते. फायलेरिया गटातील (हत्तीरोगाच्या कृमींच्या गटातील) एका कृमीपासून मिळालेल्या ईएस-६२ या प्रथिनाने उंदरांतील संधिशोथ कमी होतो. हे प्रथिन आकाराने मोठे असल्याने औषध म्हणून गैरसोयीचे आहे. म्हणून त्यातील फॉस्फोरिलकोलिन या घटकाच्या धर्तीवर बनवलेल्या लहान रेणूंची प्राण्यांवर परीक्षा घेण्यात आली आहे.