सच्छिद्र कार्बनमध्ये गॅस साठवण्याच्या शोधाचे पेटंट: अर्ज कोणी करावा, कधी करावा आणि कोणती कागदपत्रे लागतात

नारळाची करवंटी, फिनॉलिक रेझिन किंवा एखादे पॉलिमर हवेशिवाय भाजून केलेल्या कार्बनमध्ये दोन नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रे भरपूर असतात. वायूचे रेणू या छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. त्यामुळे कमी दाबातही सिलिंडरमध्ये बराच जास्त वायू मावतो आणि दाब उतरवला किंवा थोडी उष्णता दिली की तो बाहेर येतो. नैसर्गिक वायू सीएनजी म्हणून साधारण २०० बार दाबाने भरतात. कार्बन भरलेल्या टाकीचे प्रयोग मात्र बहुधा ३५ ते ६५ बारवर होतात. महाविद्यालयात किंवा छोट्या कारखान्यात यावर काम करणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा: आधी नीट मोजमाप, मग पेटंटचा अर्ज आणि त्यानंतर शोधनिबंध. हा क्रम उलटला की पुढची सगळी कागदपत्रे बिनचूक असूनही उपयोग होत नाही.

आधी काय होऊन गेले आहे

चिप बनवणाऱ्या कारखान्यांत आर्सिन, फॉस्फिन आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड लागतात. पहिले दोन अतिविषारी आहेत, तिसराही घातक आहे. हे वायू जास्त दाबाने भरलेला सिलिंडर गळला तर माणसे मरतात. झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजावर आर्सिन साठवण्याचे ऑलिन कंपनीचे अमेरिकी पेटंट १९८८ चे. पुढे एटीएमआय कंपनीने वातावरणापेक्षा कमी दाबाचा सिलिंडर बाजारात आणला. त्याला गळती लागली तरी आतला वायू सहसा बाहेर पडत नाही, बाहेरची हवाच आत शिरते. कार्बनच्या अखंड ठोकळ्यावर आधारलेल्या अशा सिलिंडरचा अर्ज त्या कंपनीने २००२ मध्ये केला आणि पेटंट २००४ मध्ये मिळाले.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. म्हणजे या पहिल्या पिढीतले ज्ञान आता कोणीही वापरू शकतो, पण त्याचे पेटंट पुन्हा कोणालाच मिळणार नाही. ‘कार्बनमध्ये वायू साठवतो’ एवढाच दावा (म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारे वाक्य) केला तर पेटंट कार्यालयाचा परीक्षक हीच जुनी पेटंटे समोर ठेवेल. ती आंतरजालावर फुकट वाचता येतात. अर्ज लिहायला बसण्याआधी ती वाचलीच पाहिजेत.

पात्रता: दावा कशाचा

शोध नवा हवा, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारा नसावा आणि उद्योगात वापरता येणारा हवा. कार्बनच्या बाबतीत खरी अडचण पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ मध्ये येते. कलम ३(डी) नुसार माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा उपयोग हा शोध ठरत नाही. माहीत असलेली प्रक्रियाही ठरत नाही. तिच्यातून नवे उत्पादन निघाले किंवा तिच्यात निदान एक नवा अभिक्रियाकारक वापरला, तरच गोष्ट वेगळी. कलम ३(ई) नुसार घटकांच्या गुणांची फक्त बेरीज असलेले मिश्रणही बाद होते.

म्हणून ‘करवंटीच्या कार्बनचा हायड्रोजन साठवण्यासाठी उपयोग’ असा दावा टिकणार नाही. ‘अमुक घनतेचा, ज्याच्या छिद्रांपैकी इतका भाग अमुक मापाचा आहे असा अखंड कार्बन ठोकळा बसवलेले, अमुक रचनेच्या व्हॉल्व्हचे साठवणपात्र’ असा दावा केला तर निदान चर्चेला जागा राहते. तो ठोकळा बनवण्याच्या पद्धतीचा दावाही स्वतंत्रपणे करता येतो.

इथे मोजमाप निर्णायक ठरते. बहुतेक जण पृष्ठफळ लिहून थांबतात. एका ग्रॅमला हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठफळ असलेला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन बाजारात सर्रास मिळतो, त्यामुळे त्या आकड्याने कोणाचे समाधान होत नाही. सिलिंडरची जागा मर्यादित असते, म्हणून एका लिटर जागेत किती वायू राहतो हे महत्त्वाचे. दाणेदार कार्बनमध्ये दाण्यांच्या मधली जागा वाया जाते. ठोकळा केला की ती वाचते, पण बांधणीसाठी घातलेला बाइंडर छिद्रे बुजवू शकतो. भरलेला सगळा वायू परतही मिळत नाही. ज्या दाबापर्यंत पात्र रिकामे करायचे त्या दाबाला काही वायू कार्बनमध्ये अडकून राहतो. भरताना कार्बन तापतो, वायू काढताना थंड होतो, आणि दोन्ही वेळा क्षमता घटते.

म्हणून तपशीलपत्रात, म्हणजे शोधाचे सविस्तर वर्णन आणि दावे असलेल्या कागदात, पुढील आकडे असू द्यावेत: ठोकळ्याची घनता, सूक्ष्म छिद्रांचे आकारमान, कोणत्या तापमानाला कोणत्या दाबापर्यंत भरले, कोणत्या दाबापर्यंत रिकामे केले, प्रत्यक्षात किती वायू बाहेर आला आणि वारंवार भरून-काढून त्यात किती घट झाली. त्याच पात्रात बाजारातला कार्बन भरून घेतलेले तुलनेचे आकडेही शेजारी द्यावेत. कलम ५९ नुसार तपशीलपत्रात मागाहून नवा मजकूर घालता येत नाही. या विषयावरच्या अर्जाचे भवितव्य माझ्या मते याच दोन-तीन पानांवर ठरते.

अर्जदार आणि कागदपत्रे

खरा शोधक, त्याने हक्क लिहून दिलेली व्यक्ती किंवा संस्था, किंवा मृत शोधकाचा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतो. संस्था अर्जदार असेल तर शोधकांनी नमुना १ (ठरलेला फॉर्म) वर सही करावी किंवा स्वतंत्र हस्तांतरपत्र द्यावे. ज्या विद्यार्थ्याच्या डोक्यातून शोधाचा भाग निघाला, त्याचे नाव शोधक म्हणून आलेच पाहिजे. मार्गदर्शक किंवा विभागप्रमुख असणे एवढ्याने कोणी शोधक होत नाही.

नमुना १ म्हणजे अर्ज, नमुना २ म्हणजे तपशीलपत्र. परदेशातल्या अर्जांची माहिती नमुना ३ मध्ये द्यायची. शोधकत्वाची घोषणा नमुना ५ मध्ये असते. पेटंट एजंट नेमला तर नमुना २६ लागतो. स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांनी सवलतीसाठी नमुना २८ पुराव्यासह जोडावा. कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीतच स्वीकारली जातात, मराठीत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्जदार मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतात. अर्ज ऑनलाइन करावा, कागदी अर्जाचे शुल्क सुमारे १० टक्के जास्त आहे.

करवंटी, बांबू किंवा उसाच्या चिपाडापासून कार्बन केला असेल तर एक जादा टप्पा येतो आणि तो हमखास विसरला जातो. शोधात जैविक साहित्य वापरले असेल तर त्याचा स्रोत आणि भौगोलिक उगम तपशीलपत्रात लिहावा लागतो. करवंटी रत्नागिरीची असेल तर तसे लिहावे. नमुना १ मध्येही याबद्दलची घोषणा आहे. जैवविविधता कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. त्यानुसार भारतीय अर्जदाराने पेटंट मंजूर होण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते, आणि व्यापारी वापराच्या वेळी मान्यता घ्यायची असते. सर्वसाधारण व्यापारातल्या काही वस्तूंना अधिसूचनेने सूट आहे. आपला कच्चा माल त्यात बसतो असे म्हणायचे असेल तर नेमकी नोंद दाखवावी. हा आक्षेप परीक्षण अहवालात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा अर्जाबरोबरच ही बाजू तयार ठेवावी.

तारखा आणि शुल्क

प्रयोग अपुरे असतील तर तात्पुरत्या तपशीलपत्रासह अर्ज करता येतो. मात्र पूर्ण तपशीलपत्र १२ महिन्यांत दिले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. तात्पुरत्या अर्जात जे लिहिले त्यालाच त्या तारखेचा लाभ मिळतो, म्हणून हातात असलेले सगळे आकडे त्यात घालावेत. परिषदेत पोस्टर लावणे, प्रबंध ग्रंथालयात खुला होणे किंवा ग्राहकाला वस्तूचा नमुना विकणे हे सगळे या तारखेनंतरच व्हावे. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची सवलत कायद्यात आहे, पण ती अरुंद आहे आणि परदेशात तिचा भरवसा धरता येत नाही.

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षण मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी नमुना १८ अग्रक्रमाच्या, म्हणजे या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या, तारखेपासून ३१ महिन्यांत द्यावाच लागतो. १५ मार्च २०२४ पूर्वीच्या अर्जांना ही मुदत ४८ महिने होती. पहिला परीक्षण अहवाल आला की सहा महिन्यांत उत्तर द्यायचे, आणखी तीन महिने शुल्क भरून मिळतात. स्टार्टअप, लघुउद्योग आणि स्त्री अर्जदार यांना नमुना १८ए ने जलद परीक्षण मागता येते.

ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना १,६०० रुपये, इतरांना ८,००० रुपये. परीक्षणाचे अनुक्रमे ४,००० आणि २०,००० रुपये. ३० पानांपेक्षा आणि १० दाव्यांपेक्षा जास्त झाल्यास प्रत्येक पानाचे व दाव्याचे वेगळे पैसे पडतात.

परदेशातही संरक्षण हवे असेल तर भारतातल्या अर्जापासून १२ महिन्यांत तिथला किंवा पीसीटी (अनेक देशांसाठी एकच अर्ज करू देणारा आंतरराष्ट्रीय करार) अर्ज करावा. भारतात राहणाऱ्याने आधी परदेशात अर्ज करायचा असेल तर नमुना २५ ने परवानगी घ्यावी लागते. न घेतल्यास कायद्यात शिक्षेची तरतूद आहे.

पेटंट म्हणजे सिलिंडर भरण्याची परवानगी नव्हे

दुसऱ्याला रोखण्याचा हक्क पेटंटने मिळतो. वायू भरण्याचा आणि विकण्याचा परवाना वेगळा असतो. ५०० मिलिलिटरहून मोठे आणि १,००० लिटरपर्यंतचे पात्र गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येते, आणि त्याचा आराखडा नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेने मान्य केलेला असावा लागतो. आत कार्बन असल्याने दाब कमी आहे, एवढ्या कारणाने यातून सुटका नाही. ही मान्यता मिळायला वेळ लागतो, आणि पेटंटची २० वर्षे मात्र अर्जाच्या दिवसापासूनच मोजली जातात. म्हणून उत्पादन काढायचे ठरले असेल तर दोन्ही कामे एकाच वेळी सुरू करावीत.