आधी दहावी, मग पहिली: शाळा उघडण्याचा क्रम आणि कामावर जाणाऱ्या आया

मुंबईत पहिली ते सातवीच्या वर्गांना मार्च २०२०च्या मध्यावर कुलूप लागलं आणि ते उघडलं १५ डिसेंबर २०२१ रोजी. एकवीस महिन्यांनी. उघडून तीन आठवडे होतात न होतात तोच, ४ जानेवारी २०२२पासून, ते पुन्हा लागलं. या काळात मुलांचं वाचन-गणित किती मागे पडलं यावर पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण सहा-सात वर्षांचं मूल एकवीस महिने दिवसभर घरात असेल, तर त्याच्याजवळ कोण थांबलं, आणि थांबणाऱ्याच्या कामाचं काय झालं, हा प्रश्न त्या चर्चेत कडेलाच राहिला. शाळा बंद करायला साथीने भाग पाडलं. कोणते वर्ग आधी उघडायचे हे मात्र माणसांनी ठरवलं.

हा प्रश्न साथीत जन्मला नाही. गिरणगावातल्या बाया पाळीला जाताना तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून झोपवत, याच्या नोंदी १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत आहेत. १९४८च्या कारखाना कायद्याने पाळणाघर सक्तीचं केलं, पण पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथेच; १९७६च्या दुरुस्तीने तो आकडा तीसवर आला. बापे किती आहेत याच्याशी पाळणाघराचा काही संबंध नव्हता. मूल बाईचं, म्हणून मोजायच्या त्या बायाच. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर लागू झालं. आता मोजणीत पुरुषही आले. पण दिवसातून चार वेळा मुलाला भेटून येण्याची मुभा कायद्याने दिली ती फक्त स्त्रीला.

कारखाना कायद्यातलं मूल सहा वर्षांपर्यंतचंच होतं. त्यापुढचं मूल शाळेत जाईल, असं गृहीत धरलेलं. म्हणजे शाळा ही शिकण्याची जागा तर होतीच, शिवाय या राज्यातलं सर्वांत मोठं आणि बिनबोभाट चालणारं पाळणाघरही तीच होती, फक्त तसं कुणी म्हणत नव्हतं. सात वर्षांच्या मुलाला दिवसाचे पाच-सहा तास सुरक्षित ठेवणारी दुसरी कोणतीही सार्वजनिक व्यवस्था आपल्याकडे नव्हती. शाळा मिटली तेव्हा ते मूल कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं.

छोटी झलक २००९मध्ये दिसली होती. ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने एका शाळकरी मुलीचा जीव गेला, देशातला तो पहिला बळी. पाठोपाठ पुण्यात आणि मग मुंबईत शाळा-कॉलेजं बंद झाली. तेव्हा प्रकरण आठवडाभराचं होतं. आजी होती, शेजारीण होती, रजा होती. २०२०मध्ये यातलं एकेक आधाराचं ठिकाण गेलं. आजी-आजोबांनाच सर्वांत जास्त धोका, शेजारचं दार बंद, पाळणाघरं बंद, अंगणवाड्या बंद, आणि ज्यांच्या घरी कामाला बाई येत होती त्या सोसायट्यांनी तिला फाटकाबाहेर ठेवलं. त्या बाईचंही मूल घरीच होतं, हे फाटकावरच्या सूचनेत कुठे नव्हतं.

घरातली वाटणी आधीच कशी होती याचा पुरावा नेमका साथीच्या तोंडावर गोळा झाला होता. २०१९मध्ये देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. आकडे प्रसिद्ध झाले सप्टेंबर २०२०मध्ये. शाळा बंद होऊन तेव्हा सहा महिने झाले होते, आणि या २९९ मिनिटांत आता मुलांचा अभ्यासही शिरला होता. राज्याने अभ्यासमालेला नाव दिलं होतं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’. शिक्षण होतं, पण ते आईच्या फोनवर होतं. आणि आई कामाला गेली की तिच्याबरोबर फोनही गेला. गृहपाठ रात्री आठनंतर, भाकऱ्या थापता थापता.

आशा सेविकांची गोष्ट इथे टाळून पुढे जाता येत नाही. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, आणि दारोदार जाऊन ताप नि ऑक्सिजन मोजण्याचं काम मुख्यतः त्यांच्याच अंगावर पडलं. दुसऱ्यांच्या कुटुंबांची जबाबदारी पार पाडायला निघालेल्या या बायांच्या स्वतःच्या मुलांसाठी कुठेही एक वर्ग उघडा ठेवलेला नव्हता. इंग्लंडमध्ये मार्च २०२०मध्ये शाळा बंद करतानाच अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी त्या चालू ठेवल्या होत्या. आपल्याकडे नर्स, सफाई कामगार, पोलीस शिपाई स्त्रिया ‘अत्यावश्यक’ ठरल्या, त्यांची मुलं नाही. मुंबईत २१ ऑक्टोबर २०२०पासून सर्व स्त्रियांना लोकल खुली झाली, पण सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. दहाच्या ड्युटीला ती वेळ काय कामाची? आणि नोव्हेंबरअखेर रेल्वेने स्पष्ट केलं की मूल बरोबर आणता येणार नाही. स्थानकांच्या दारावर सुरक्षा जवान उभे राहिले. मूल घरी एकटं ठेवायचं नाही, शाळेत पाठवायचं नाही, बरोबर न्यायचं नाही. मग चौथा पर्याय उरतो तो काम सोडण्याचा.

आता उघडण्याच्या क्रमाकडे. राज्यात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२०पासून सुरू करायचं ठरलं (मुंबईने तेव्हाही थांबायचं ठरवलं). २७ जानेवारी २०२१पासून मुंबईबाहेर पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट आणि सगळं पुन्हा बंद. १० ऑगस्ट २०२१ला शिक्षण खात्याने शासन निर्णय काढला: १७ ऑगस्टपासून शहरांत आठवी ते बारावी, ग्रामीण भागात पाचवीपासून पुढे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या कृती दलाने आक्षेप घेतला आणि निर्णय थांबला. त्याच आठवड्यात, १५ ऑगस्टपासून, दोन डोस झालेल्यांना लोकल खुली झाली, मॉल उघडले, हॉटेलं रात्री दहापर्यंत चालू लागली. शाळा उघडायला ४ ऑक्टोबर उजाडला, तोही मोठ्यांसाठीच. पहिली ते चौथीची पाळी डिसेंबरात आली.

कृती दलाची बाजू हलकी नव्हती. मुलांसाठी तेव्हा लस नव्हती (पंधरा ते अठरा वयाला ती ३ जानेवारी २०२२पासून मिळू लागली), तिसरी लाट मुलांवर येईल अशी भीती होती, आणि एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनसाठी झालेली धावपळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मोठ्यांना आधी बोलावण्यालाही कारणं होती: त्यांना मास्क सांभाळता येतो, त्यांच्या बोर्डाच्या परीक्षा असतात. पण या प्रत्येक कारणात मोजमाप दोनच गोष्टींचं आहे, संसर्ग आणि परीक्षा. तिसरी गोष्ट, म्हणजे कोणत्या वयाचं मूल घरात एकटं राहू शकतं, ती कुणी तराजूत टाकलीच नाही. ती टाकली असती तर क्रम उलटला असता. पंधरा वर्षांची मुलगी स्वतः ताट वाढून घेते. दुर्दैवाने पुष्कळ घरांत धाकट्याचंही तीच वाढत होती. सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र कुणीतरी मोठं माणूस घरी लागतंच.

हे दुसरीकडे सुचलं होतं. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२०ला, साथीच्या पहिल्याच लाटेत, आधी पाळणाघरं आणि पाचवीपर्यंतचे वर्ग उघडले. लहान मूल घरात असेल तर आईबापांना काम करता येत नाही, हे कारण तिथे उघडपणे दिलं गेलं. इंग्लंडनेही जून २०२०मध्ये मोठ्या वर्गांच्या आधी सर्वांत धाकटे वर्ग बोलावले. त्यांच्याकडे वर्गात मुलं कमी आणि जागा जास्त, हे खरं. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतून येणारी साठ मुलं एका वर्गात बसवणं वेगळं. तरी एक दिवसाआड बोलावणं, दोन गट करणं, हे उपाय आपल्याकडेही केले गेलेच. ते मोठ्यांसाठी केले गेले. माझ्या मते त्या दोन वर्षांतला आयांवरचा सर्वांत मोठा अन्याय शाळा बंद ठेवण्यापेक्षाही या क्रमात होता.

तो क्रम कुणाला खटकला नाही याचं एक कारण ‘पालक’ या शब्दात आहे. परिपत्रकांत सगळीकडे हाच शब्द: पालकांचं संमतीपत्र घ्यावं, पालकांनी अभ्यासावर लक्ष ठेवावं, पालकांनी मुलाला ने-आण करावी. शब्द आईबापांना सारखाच लागू, त्यामुळे वाटणी झाल्यासारखी वाटते. संमतीपत्रावर सही बापाची चालते. अभ्यास आणि ने-आण कुणाची, ते २०१९च्या पाहणीत आलंच आहे. कायद्यातला पालक तर आणखी गुंत्याचा. हिंदूंच्या पालकत्वाच्या १९५६च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, ‘त्याच्यानंतर’ आई. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरच नव्हे, असा खुलासा केला. हक्काच्या रांगेत आई दुसरी, कामाच्या रांगेत पहिली. राज्याने २०१८मध्ये कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली ती स्त्रियांना. पुरुषाला ती मिळते, पण पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. धडधाकट बायको असलेल्या बापाने मुलासाठी घरी बसायचं ठरवलं, तरी या रजेत त्याला जागा नाही.

पुढच्या काळात शाळा पुन्हा तेवढ्या बंद पडल्या नाहीत. २०२२पासून केंद्राच्या योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर आलं, पण वय पुन्हा सहापर्यंतच. ८ जुलै २०२४ला मुंबईत रात्रीतून तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि सकाळच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली तेव्हा कित्येक आयांचा डबा भरून झाला होता. त्याच वर्षी चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय आला. मुलांची झोप पुरी व्हावी हे मुख्य कारण, आणि ते योग्यच आहे. त्यावरचा वाद मात्र स्कूलबस, रस्त्यावरची गर्दी आणि दोन सत्रांच्या इमारती यांच्याभोवतीच फिरला. २०२४च्या वेळ-पाहणीत स्त्रियांच्या घरकामाची मिनिटं २९९वरून २८९ झाली, पुरुषांची ९७वरून ८८. आठ दहाची लोकल पकडणाऱ्या बाईने पहिलीतल्या मुलाला नऊपर्यंत कुठे ठेवायचं, हे त्या शासन निर्णयात नाही.