पाचोळा संपवतं कोण?

भंडारा-गोंदियाकडे तालुक्याच्या गावाला लागून एखादं कुंपण घातलेलं लहानसं जंगल असतं. आत आखलेली पायवाट, दोन-चार बाक, रंग उडालेले फलक. वाघ नाही म्हटल्यावर पाहुणे लवकरच परततात. मार्चमध्ये मात्र तिथे रमतगमत फिरावं, आणि नजर खाली ठेवावी.

सागाचं पान चांगलं हातभर. पाणी आटू लागलं की झाड देठाशी पेशींचा कमकुवत थर तयार करतं आणि पान गळतं. त्याआधी त्यातलं बरंचसं नत्र-स्फुरद झाडाने परत ओढून घेतलेलं असतं. खाली पडतो तो मुख्यतः सेल्युलोज-लिग्निनचा चिवट सांगाडा. तो कुजवायला बुरशी आणि जिवाणूंना ओल लागते. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये ती आणायची कुठून?

इथे उधई, म्हणजे वाळवी, कामाला येते. पायवाटेकडेच्या खोडांवर मातीचा लेप दिसला की लोक म्हणतात, झाड गेलं. बहुधा तसं नसतं. ती सालीचा मेलेला बाहेरचा थर खात असते. मातीचा आडोसा ऊन आणि मुंग्यांपासून वाचण्यासाठी.

पण लिग्निन तिलाही नीट पचत नाही. म्हणून ओडोंटोटर्मिस जातीच्या वाळव्या वारुळात चक्क बुरशीची शेती करतात. कामकरी पाचोळा आणि बुरशीचे बीजाणू एकत्र खातात, अर्धवट पचलेली विष्ठा रचून सच्छिद्र मळा उभा करतात. बुरशी लिग्निन फोडते, मग मुरलेला मळा वाळवी खाते. हा व्यवहार सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाला. माणसाची शेती जेमतेम 10-12 हजार वर्षांची!

पाचोळ्याचं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे आग. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, वारा सुटला की वणवा. वनविभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम मानतो. जळताना बरंचसं नत्र वायू होऊन उडून जातं, राख पहिल्या पावसात वाहते. झाडाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरलं तरी फुलं मिळतात की.

न जळालेला पाचोळा पावसाळ्यात वर येतो, सात्या होऊन. सात्या म्हणजे वारुळातल्या त्याच बुरशीच्या खाण्याजोग्या अळंब्या. त्यांचा देठ मुळासारखा खोल, थेट वारुळातल्या मळ्यापर्यंत गेलेला असतो. धिंगरी अळंबी कुणीही खोलीत कुटारावर पिकवावी; सात्यांची अशी लागवड अजून बसलेली नाही. त्यांना जिवंत वारूळच लागतं, म्हणून तर बाजारात त्यांचा भाव ऐकून माणूस दोनदा विचारतो.